दादाच्या विंडोजला हात न लावता: बाहेरच्या एसएसडीवर लिनक्स

प्रश्न असा आहे. परभणीचा एक विद्यार्थी, बीसीएच्या दुसऱ्या वर्षाला. घरात लॅपटॉप एकच, तोही मोठ्या भावाचा. दादा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास त्यावर करतो, त्यामुळं विंडोजला हात लावायचा नाही ही अट. म्हणून यानं यूएसबीची २५६ जीबी एसएसडी घेतली, पेनड्राइव्हवरून लिनक्स सुरू केलं आणि नीट बघून बाहेरच्याच डिस्कवर इन्स्टॉल केलं. घरी छान चाललं. दुसऱ्या दिवशी एसएसडी घेऊन कॉलेजला गेला, तर लॅबच्या मशीननं तिला बूट करायलाच नकार दिला. तेवढ्यात घरून दादाचा फोन: लॅपटॉप चालू केला की काळ्या पडद्यावर 'ग्रब' एवढाच शब्द येतो आणि पुढं कर्सर लुकलुकत राहतो. त्याचं विचारणं दोन गोष्टींचं आहे: विंडोज उडालं का, आणि एसएसडी खराब निघाली का?

दोन्हींचं उत्तर 'नाही'. दादाला आधी एवढं कळवा, म्हणजे घरातलं वातावरण निवळेल. विंडोज आणि त्याच्या सगळ्या फायली जागच्या जागी आहेत. घरची अडचण आणि लॅबमधली अडचण या दोन नाहीत, एकच आहे.

मी लातूरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतो, कॉलेजच्या लॅबही सांभाळतो. बाहेरच्या डिस्कवर लिनक्स टाकून 'बिघडलेले' जेवढे लॅपटॉप माझ्या टेबलावर आले, त्यांतल्या बहुतेकांचा रोग हाच होता. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आजच्या लॅपटॉपच्या आतल्या डिस्कवर सुरुवातीला एक छोटं पार्टिशन (डिस्कचा वेगळा कप्पा) असतं, बहुतेक वेळा १०० ते ५०० एमबीच्या दरम्यान, फॅट३२ पद्धतीचं. त्याला ईएफआय सिस्टीम पार्टिशन म्हणतात. जुन्या वाड्याला देवडी असायची ना, आत जायचं तर आधी तिथून, तसं हे. बटण दाबल्यावर मदरबोर्ड आधी या देवडीत येतो, तिथली छोटी फाईल चालवतो आणि ती फाईल पुढं विंडोज किंवा लिनक्सला उठवते. तुमच्या बाबतीत लिनक्सचा वाडा एसएसडीवर बांधला गेला, पण त्याची देवडी दादाच्या लॅपटॉपमध्ये राहिली. इन्स्टॉलरमध्ये 'बूटलोडर कुठं टाकू' या चौकटीत तुम्ही बाहेरची डिस्क निवडली असेल, तरी हे होऊ शकतं. उबुंटूच्या जुन्या इन्स्टॉलरची ही माहितीतली खोड आहे: यूएफआय (आजच्या मदरबोर्डमधला, मशीन सुरू करणारा प्रोग्रॅम) असलेल्या मशीनवर तो त्या निवडीकडं न बघता सापडलेल्या पहिल्या ईएफआय पार्टिशनमध्ये ग्रब, म्हणजे लिनक्सला उठवणारा बूटलोडर, ठेवतो, आणि पहिलं पार्टिशन सहसा आतल्या डिस्कचंच असतं. मिंट या लिनक्सच्या दुसऱ्या प्रकारानंही बरीच वर्षं हाच इन्स्टॉलर वापरला आहे.

आता दोन्ही गोष्टींचा उलगडा होतो. तुम्ही एसएसडी काढून नेली. दादानं बटण दाबलं, ग्रब उठलं, त्यानं आपली बाकीची सामग्री एसएसडीवर शोधली, ती नव्हती, म्हणून ते तिथंच थांबलं. तिकडं लॅबच्या मशीनला तुमच्या एसएसडीवर देवडीच सापडली नाही. अनोळखी डिस्क लावली की यूएफआय तिच्यावर एकाच ठरलेल्या जागी बघतं: 'ईएफआय' फोल्डर, त्यात 'बूट' फोल्डर, त्यात 'बूटएक्स६४ डॉट ईएफआय' ही फाईल. तिथं काही नसेल तर त्याच्या लेखी ती डिस्क बूट होणारी नाहीच. तुमच्या घरी लिनक्स सुरू होत होतं, कारण इन्स्टॉलरनं दादाच्या मदरबोर्डच्या मेमरीत तशी नोंद करून ठेवली होती. ती नोंद डिस्कबरोबर प्रवास करत नाही. लॅबच्या मदरबोर्डला ती कशी माहीत असणार?

आधी दादाचं काम. त्याला फोनवर सांगा: लॅपटॉप बंद करून चालू कर आणि लगेच बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल, लेनोव्हो, एसरला बहुधा एफ१२, एचपीला एस्केप आणि मग एफ९, असूसला एस्केप. यादीत 'विंडोज बूट मॅनेजर' दिसेल, त्यावर एंटर. विंडोज उघडेल. मग सवडीनं बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, यूएफआय असलं तरी सवयीनं तिला बायोसच म्हणतात) जाऊन बूटच्या क्रमात 'विंडोज बूट मॅनेजर' पहिल्या जागी न्यायचं आणि सेव्ह करायचं. यूट्यूब बघून विंडोज रिपेअरच्या आज्ञा मारायची काही गरज नाही.

एक सावधगिरी मात्र मोठी आहे, आणि ती बायोसमध्ये काहीही बदलण्याआधी घ्यायची. विंडोज ११ असलेल्या पुष्कळ लॅपटॉपवर डिस्क आपोआप एन्क्रिप्ट (कुलूपबंद) झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ता नसतो. सिक्युअर बूट (सही असलेल्याच फाईलवरून मशीन सुरू होऊ देणारी सोय) बंद केलं किंवा बूटचा क्रम बदलला की विंडोज कधीकधी ४८ आकडी रिकव्हरी की मागतं. ती बहुतेक वेळा दादाच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जमा असते. आधी त्या खात्यात शिरून ती की कागदावर उतरवून घ्या. खात्याचा पासवर्ड विसरलाय आणि की समोर मागितलीय, अशा अवस्थेत लोक माझ्याकडं येतात, तेव्हा माझ्या हातात करण्यासारखं काही उरत नाही. दादाच्या नोट्स त्या डिस्कवर आहेत, हे डोक्यात ठेवून ही पायरी करा.

आता एसएसडी दुरुस्त करू. आज्ञा मी देवनागरीत लिहितोय, टाइप करताना इंग्रजी छोट्या अक्षरांत. आणि आतल्या डिस्कवरची ग्रबची नोंद आत्ताच पुसू नका, कारण तुमच्या लिनक्सकडं जायचं या घडीला ते एकच दार आहे. एसएसडी लावा, बूट मेनूतून तीच नोंद निवडा, लिनक्समध्ये या आणि टर्मिनलमध्ये 'फाइंडएमएनटी /बूट/ईएफआय' द्या. उत्तरात 'एनव्हीएमई०एन१पी१' असं काही दिसलं, तर मी वर सांगितलं तेच झालंय, ते आतल्या डिस्कचं पहिलं पार्टिशन आहे. दिसायला हवं होतं 'एसडीए१' किंवा 'एसडीबी१' असं, म्हणजे यूएसबीवरचं. (आतली डिस्क जुनी साटा पद्धतीची असेल तर तीही 'एसडीए' म्हणूनच दिसते. तेव्हा आकारावरून ओळखा, नावावरून नको.)

मग 'एलएसबीएलके -एफ' देऊन एसएसडीवर एखादं छोटं 'व्हीफॅट' पार्टिशन आहे का बघा. इन्स्टॉलरनं ते केलेलं असतं आणि रिकामं सोडलेलं असतं, असंही घडतं. नसेल, तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (ज्यावरून इन्स्टॉल केलं त्याच) जीपार्टेड हे पार्टिशन पाडायचं साधन उघडा, लिनक्सचं पार्टिशन शेवटाकडून ५१२ एमबीनं आखडा, तिथं फॅट३२ करा आणि त्याला 'बूट' व 'ईएसपी' हे फ्लॅग लावा. शेवटाकडूनच आखडा. पुढून आखडलं तर सगळा डेटा सरकवावा लागतो, त्याला वेळ लागतो आणि मध्येच वायर हलली तर सगळं गेलं.

पुन्हा तुमच्या लिनक्समध्ये या. '/ईटीसी/एफएसटॅब' फाईलमध्ये '/बूट/ईएफआय'च्या ओळीतला यूयूआयडी (पार्टिशनचा ओळखक्रमांक) बदलून एसएसडीवरच्या त्या छोट्या पार्टिशनचा टाका. जुनं अनमाउंट, नवं माउंट. आता 'ग्रब-इन्स्टॉल' दोनदा चालवायचं. दोन्ही वेळा टार्गेट 'एक्स८६_६४-ईएफआय' आणि ईएफआय-डिरेक्टरी '/बूट/ईएफआय'. पहिल्यांदा त्याला 'नो-एनव्हीरॅम' जोडा, म्हणजे दादाच्या मदरबोर्डमध्ये नवी नोंद होणार नाही. दुसऱ्यांदा 'रिमूव्हेबल' जोडा. या सगळ्या खटाटोपातला कळीचा शब्द तोच. त्यामुळं ग्रब 'बूटएक्स६४' या ठरलेल्या नावानं ठरलेल्या जागी बसतं, आणि कोणतंही यूएफआय मशीन ते शोधू शकतं. शेवटी 'अपडेट-ग्रब'.

आता लॅपटॉप बंद करा, बूट मेनू उघडा. यादीत आता एसएसडीच्या कंपनीच्या नावानं, 'यूएसबी' लिहिलेली वेगळी ओळ दिसायला हवी. त्या ओळीवरून लिनक्स सुरू झालं, की मगच दादाच्या डिस्कवरचं आपलं सामान उचलायचं. 'ईएफआयबूटएमजीआर' नोंदींची यादी देतं. त्यातल्या लिनक्सच्या नोंदीचा चार आकडी क्रमांक बघून छोटा 'बी' आणि मोठा 'बी' लावून ती काढा. आतल्या ईएफआय पार्टिशनमधलं 'उबुंटू' नावाचं फोल्डरही काढा. 'मायक्रोसॉफ्ट' आणि 'बूट' ही फोल्डर मात्र जशीच्या तशी राहू द्या.

एवढं सगळं नको वाटत असेल आणि एसएसडीवर अजून काही महत्त्वाचं साठलं नसेल, तर पहिल्यापासून इन्स्टॉल करा. मी स्वतः तेच केलं असतं. फक्त या वेळी इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसूच द्यायची नाही. डेस्कटॉप असेल तर साटाची वायर काढा, दोन मिनिटांचं काम. काही लॅपटॉपच्या बायोसमध्ये आतली डिस्क तात्पुरती बंद करता येते. ते नसेल आणि पाठ उघडायची सवय नसेल, तर लाइव्ह लिनक्समध्ये जीपार्टेड उघडून आतल्या ईएफआय पार्टिशनवरचे 'बूट' आणि 'ईएसपी' फ्लॅग इन्स्टॉलेशनपुरते काढा, म्हणजे इन्स्टॉलर त्याला देवडी मानत नाही. काम संपलं की फ्लॅग परत लावा. हे परत लावणं मी एकदा विसरलोय. एका शिक्षकांचा लॅपटॉप होता, दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांना निकालाचं काम होतं, आणि रात्री अकराला त्यांचा फोन आला की 'बूट डिव्हाइस सापडत नाही' असं येतंय. काही मशीन फ्लॅग नसतानाही विंडोज उठवतात, त्यांचं त्यातलं नव्हतं. रात्रीच पेनड्राइव्ह घेऊन त्यांच्या घरी गेलो. तेव्हापासून फ्लॅग काढला की कीबोर्डवर चिठ्ठी चिकटवतो, ती फ्लॅग परत लावल्यावरच निघते.

नव्यानं करताना पार्टिशन हातानं पाडा. पार्टिशन टेबल जीपीटी. पहिलं पार्टिशन फक्त १ एमबीचं, कोणतीही फाइलसिस्टीम नसलेलं, 'बायॉस_ग्रब' फ्लॅगचं. दुसरं ५१२ एमबीचं फॅट३२, ईएसपी. तिसरं लिनक्ससाठी ईएक्सटी४, ६० ते ८० जीबी पुरे. उरलेल्या जागेत एक्सफॅट करा, म्हणजे प्रोजेक्टच्या फायली विंडोजवरही उघडता येतील.

ते १ एमबीचं पार्टिशन कशाला, असं वाटेल. आपल्याकडच्या लॅबमध्ये अजून कोअर टू ड्युओच्या काळातली मशीन आहेत, तालुक्याच्या गावी तर जास्तच. त्यांना यूएफआय नसतं, जुनं बायोस असतं, आणि बूटएक्स६४ ही फाईल त्यांना समजत नाही. त्यांच्यासाठी 'ग्रब-पीसी-बिन' हे पॅकेज टाकून 'ग्रब-इन्स्टॉल' आणखी एकदा चालवा, या वेळी टार्गेट 'आय३८६-पीसी' आणि शेवटी अख्ख्या एसएसडीचं नाव, पार्टिशनचा आकडा न लावता. मग एकच एसएसडी जुन्या-नव्या दोन्ही मशीनवर उठते. आज्ञा एका ओळीची आहे. पण एंटर दाबण्याआधी डिस्कचं नाव दोनदा वाचा.

सिक्युअर बूट बहुतेक ठिकाणी आडवं येत नाही. उबुंटू, मिंट, डेबियन, फेडोरा यांच्या सुरुवातीच्या फाईलवर मायक्रोसॉफ्टची सही असते. अलीकडच्या काही लॅपटॉपवर मात्र बायोसमध्ये 'थर्ड पार्टी' सहीला परवानगी द्यावी लागते.

डाउनलोडबद्दल. मिंटची आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाईल) तीन जीबीच्या आसपास असते, उबुंटूची त्याहून बरीच मोठी, आणि रोजचा मोबाइल डेटा दीड-दोन जीबी. ब्राउझरमधून उतरवताना मध्येच डेटा संपला की फाईल अर्धवट राहते, आणि पुष्कळांची पहिली इन्स्टॉलेशन अशा फाटक्या फाईलमुळंच फसते. टॉरेंटनं उतरवा. दोन दिवसांत तुकड्यातुकड्यानं आली तरी चालते, आणि तुकडे तपासूनच जोडले जातात. दुसऱ्या कुठून घेतली असेल तर 'एसएचए२५६सम' (फाईलवरून निघणारा पडताळणीचा आकडा) काढून अधिकृत संकेतस्थळावरच्या आकड्याशी ताडून बघा.

तुम्ही एसएसडी घेतलीत हे बरं केलंत. विद्यार्थी पैसे वाचवायला पेनड्राइव्हवरच पूर्ण लिनक्स टाकतात. पेनड्राइव्ह मोठी फाईल सलग लिहायला बरा असतो. ऑपरेटिंग सिस्टीम मात्र सतत हजारो बारीक फायली लिहीत-पुसत असते, तिथं तो धापा टाकतो आणि लवकर मरतो. माझ्याकडं आलेल्या एका पेनड्राइव्हवर मुलीचा अख्खा सेमिस्टरचा प्रोजेक्ट होता. एका सकाळी तो 'फक्त वाचण्यापुरता' झाला, लिहायचा बंद पडला. फायली निघाल्या, हे तिचं नशीब. ज्यांच्याकडं पेनड्राइव्हच आहे त्यांनी तो शिकायला वापरावा, कामाच्या फायली त्यावर एकट्या ठेवू नयेत.

एसएसडी निळ्या रंगाच्या यूएसबी पोर्टला लावा. तो ३.० असतो, सेकंदाला ५ गिगाबिटचा. काळा बहुतेक वेळा २.० असतो, ४८० मेगाबिटचा, म्हणजे दहापट हळू. डेस्कटॉपला पुढच्या पोर्टऐवजी मागचा वापरा, पुढच्याची वायर लांब आणि बऱ्याचदा ढिली असते. बूट झाल्यावर केबल हलली तर चालू सिस्टीमच्या पायाखालची जमीनच सरकते. म्हणून आखूड, घट्ट बसणारी केबल घ्या. आणि आपला एप्रिल-मे तुम्हाला सांगायला नको. पत्र्याच्या खोलीत एनव्हीएमई एसएसडीची डबी हाताला चटका देते, आणि तापली की वेग पडतो. ती लॅपटॉपच्या गरम हवेच्या झरोक्यापासून लांब, मोकळ्या जागी ठेवा. गादीवर ठेवू नका.

लॅबच्या डेस्कटॉपला बॅटरी नसते आणि वीज कधीही जाते. ईएक्सटी४ जर्नल (बदलांची आधी केलेली नोंद) ठेवतं, त्यामुळं अचानक बंद पडूनही डिस्कची बांधणी बहुतेक वेळा शाबूत राहते, पण त्या क्षणी लिहिली जात असलेली फाईल जाऊ शकते. कोड लिहिताना सेव्ह करत राहा आणि दिवसातून एकदा गिटवर ढकला.

दादाला लगेच जाणवेल अशी एक गोष्ट आणखी आहे. लिनक्स मदरबोर्डचं घड्याळ जागतिक वेळेवर ठेवतं, विंडोज तेच घड्याळ स्थानिक वेळ समजून वाचतं. म्हणजे तुम्ही लिनक्स वापरून उठलात की विंडोजमध्ये घड्याळ साडेपाच तास मागं दिसू शकतं. दादाची ऑनलाइन टेस्ट असेल त्या दिवशी हे महागात पडेल. 'टाइमडेटसीटीएल सेट-लोकल-आरटीसी १' एवढं एकदा द्या, म्हणजे लॅबच्या मशीनलाही त्रास होणार नाही.

विंडोजमधला 'फास्ट स्टार्टअप' बंद करा, दादाच्या परवानगीनं. तो चालू असला की 'शट डाउन' केलेलं विंडोज अर्धवट झोपलेलं असतं, आणि अशा वेळी लिनक्समधून त्याच्या डिस्कवर काही लिहिलं तर फायली बिघडतात. खरं तर दादाची डिस्क लिनक्समधून उघडूच नका. आणि विंडोजमध्ये एसएसडी लावल्यावर कधी 'डिस्क फॉरमॅट करायची का' अशी खिडकी आली, तर ती रद्द करायची, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवा. लहान भावंडं 'येस' दाबतात.

वेगवेगळ्या मशीनवर चालवायचं असेल तर एनव्हीडियाचा ड्रायव्हर त्या एसएसडीवर टाकू नका. कर्नलसोबत येणारे ड्रायव्हर इंटेल आणि एएमडी दोन्हीवर चालतात, तेवढ्यावर राहा. डेबियन, उबुंटू, मिंटची सुरुवातीची प्रतिमा (बूट होताना कर्नलसोबत आधी उघडते ती फाईल) बहुतेक हार्डवेअरचे ड्रायव्हर सोबत घेऊनच बनते. फेडोरा मात्र ज्या मशीनवर आहे त्याच्यापुरतीच बनवतं, तिथं 'ड्राकट-कॉन्फिग-जेनेरिक' हे पॅकेज टाकून प्रतिमा पुन्हा बनवावी लागते. डेबियन घेतलंत तर 'डीपीकेजी-रीकॉन्फिगर ग्रब-ईएफआय-एएमडी६४' चालवून रिमूव्हेबल जागी प्रत ठेवण्याला 'हो' आणि एनव्हीरॅम बदलण्याला 'नाही' म्हणा, म्हणजे पुढच्या अपडेटनंतरही ही घडी बसलेली राहील.

आणि एन्क्रिप्शन. ही एसएसडी खिशातून एसटीत, एसटीतून लॅबमध्ये जाणार. तीत तुमचे पासवर्ड, आधारची प्रत, घरच्यांचे फोटो असतील. इन्स्टॉल करताना एलयूकेएस एन्क्रिप्शन निवडता येतं. दर वेळी एक पासवर्ड टाकावा लागतो, पण डिस्क हरवली तर फक्त डिस्कच हरवते. मात्र हातानं पार्टिशन पाडून हे बसवणं पहिल्या खेपेला किचकट जातं. तेव्हा या वेळी निदान खासगी फायलींचं एक फोल्डर वेगळं एन्क्रिप्ट करून ठेवा, पूर्ण डिस्कचं पुढच्या खेपेला करा.

कॉलेजमध्ये जाल तेव्हा लॅबच्या सरांना आधी विचारा आणि दाखवा, की मशीनच्या डिस्कला काही होत नाही, सगळं एसएसडीवरून चालतं. बायोसला पासवर्ड असेल तर बूट मेनू तेच उघडून देतील. पहिल्यांदा मागच्या निळ्या पोर्टला लावून बघा. यादीत एसएसडी दोनदा दिसली, एकदा 'यूएफआय' लिहून आणि एकदा नुसती, तर यूएफआयवाली निवडा. एकदाच आणि तीही 'यूएफआय' शब्दाशिवाय दिसली, तर ते मशीन जुन्या बायोसचं आहे किंवा त्या पद्धतीवर लावलेलं आहे. तिथं ते १ एमबीचं पार्टिशन कामाला येईल. तरीही अडलं, तर 'एलएसबीएलके -एफ' आणि 'ईएफआयबूटएमजीआर -व्ही' या दोन्हींचं आउटपुट मला पाठवा, एसएसडी लावलेली असतानाचं. त्यावरून देवडी कुठं आहे ते मला इथं बसून सांगता येईल.